न्हाणीघर कोणी घासायचे आणि कसे?

आपल्या कोणत्याही घरी पाहुणा गेला की त्याला बाहेरची खोली दिसते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, तिच्यावर धुळीचा कण नसतो. मांडणीवरची भांडी ओळीने लावलेली असतात. चटईवर बसले तरी मन प्रसन्न होते. या बाबतीत आमच्या माता-भगिनींना कोणी नावे ठेवू शकणार नाही. पण पाहुण्याने हातपाय धुवायला म्हणून न्हाणीघराचे दार उघडले की घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर थोडा संकोच येतो. "जरा बघून हं भाऊजी, पाय घसरेल," असे ती म्हणते. नळावर पांढरा थर, लादीच्या सांध्यांत काळी रेघ, बादलीला आतून खरखरीत कवच, कोपऱ्यात बुळबुळीत शेवाळ आणि जाळीतून येणारा वास. घर लहान, माणसे सहा-सात, न्हाणीघर जेमतेम तीन फूट बाय चार फूट, त्यातच धुणे आणि त्यातच भांडी. पहाटे साडेपाचपासून रांग लागते. ते स्वच्छ राहावे तरी कसे?

आम्ही एका कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात वस्तीतली कामे पाहतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेचा प्रवेश अशा निमित्ताने घरोघर जाणे होते. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपली पुष्कळ कुटुंबे चाळीतून आणि झोपडीतून इमारतीत गेली. झोपडपट्टी पुनर्वसनात कोणाला २२५, कोणाला २६९ चौरस फुटांची खोली मिळाली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांचा जन्म सामायिक संडासाच्या रांगेत गेला, त्यांच्या घरात आता स्वतःचा संडास आला. ही लहान गोष्ट नाही. पण उघड्या मोरीला जी हवा आणि जे ऊन मिळत होते ते या बंद खोलीला मिळत नाही. वीतभर खिडकी असते, तीही डक्टकडे उघडणारी. पाणी सुकत नाही, बुरशी धरते, आणि मग घरोघरी एकच उपाय होतो : ॲसिडची बाटली.

त्या बाटलीविषयी आम्हाला पुष्कळ बोलायचे आहे. पण आधी दुसरा प्रश्न.

हे काम करते कोण? आमच्या कितीतरी भगिनी पालिकेच्या सफाई खात्यात, रुग्णालयात, कार्यालयात, नाहीतर दुसऱ्यांच्या घरी लादी पुसण्याचे काम करतात. आठ तास दुसऱ्याचे संडास-बाथरूम घासून ही बाई घरी येते आणि रविवारी स्वतःचे घासायला बसते. तिचा नवरा त्या वेळी कट्ट्यावर चळवळीची चर्चा करीत असतो. मुलगा मोबाइल घेऊन पडलेला असतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गाची महिला परिषद भरली होती. तीत बाबासाहेबांनी आमच्या महिलांपुढे स्वच्छतेचा आग्रह धरला होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पुरुषांनी मात्र त्याचा सोयीस्कर अर्थ असा काढला की स्वच्छता हे महिलांचे खाते! ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'घाण काढणे हे तुमचेच काम' असे ऐकवले गेले, त्याच समाजातल्या पुरुषाने घरात बायकोला तेच ऐकवावे, याला काय म्हणावे?

म्हणून खाली जे लिहिले आहे ते पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. ताकदीचे काम त्यांचे आहे. आमच्या घरी महिन्यातला दुसरा रविवार आमच्याकडे असतो आणि चौथा चिरंजीवांकडे. आता शेजारचे दोघे तिघेही आपापल्या घरी करू लागले आहेत, आणि पहिल्या दिवशी हसणाऱ्यांत ते होते.

रीत सांगण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे की ती आमच्या डोक्यातली नाही. एका रुग्णालयात पस्तीस वर्षे सफाईचे काम करून निवृत्त झालेल्या आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी ती आम्हाला शिकवली. शाळेत त्या चौथीपर्यंतच गेल्या. पण कोणत्या डागाला काय लागते हे त्यांच्याइतके नेमके सांगणारे माणूस आम्ही पाहिले नाही. त्यांचे सांगणे एका वाक्याचे असे : "भाऊ, औषधाला वेळ द्या, मग हाताला कष्ट पडत नाहीत." आपण उलटे करतो. औषध ओततो, लगेच घासायला लागतो, डाग निघत नाही म्हणून आणखी ओततो.

न्हाणीघरातली घाण एक प्रकारची नसते, हे आधी समजून घ्यावे. अंगाचे तेल, मळ आणि साबण यांचा जो मेणचट थर भिंतीला आणि बादलीला बसतो, तो एक. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी सुकून नळावर आणि टाइल्सवर जो पांढरा थर उरतो, तो दुसरा. हे पाण्यातले क्षार, म्हणजे चुन्याच्याच जातीचे. तिसरी बुरशी आणि शेवाळ, ती जिवंत असते. तेलकट मळाला सोडा आणि साबण लागतो. चुन्याला आंबट लागते. बुरशीला ब्लीचिंग लागते. तिन्हींवर एकच बाटली ओतली की एक निघते आणि दोन राहतात.

सामान साधे आहे. धुण्याचा सोडा, कपडे धुण्याची पावडर, लिंबूसत्त्व (किराणा दुकानात लिंबूफूल किंवा सायट्रिक ॲसिड म्हणून पुडीत मिळते), ब्लीचिंग पावडर, लांब दांड्याचा खराटा, हाताचा ब्रश, जुने टूथब्रश दोन, रबरी हातमोजे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, खर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मोजे आणि खराटा वर्षभर टिकतात, पुड्या दोन-तीन महिने पुरतात. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या चार वेगवेगळ्या बाटल्या एकदा आणल्या तरी याहून जास्त पैसे जातात. संडासाचा ब्रश आणि फडके वेगळे असावे, त्यांना लाल दोरी बांधून ठेवावी, म्हणजे चुकून बादलीला लागणार नाही.

आता काम. घरातली सगळी आंघोळी-धुणी उरकल्यावर सुरू करावे. गिझर असेल तर बटण बंद करून मगच पाणी उडवावे. बादल्या, मग, पाट, साबणदाण्या, सगळे बाहेर काढावे. पहिले काम कोरडे : छताची जळमटे, खिडकीच्या जाळीवरची धूळ, कोपऱ्यातले केस केरसुणीने झाडून सुपलीत घ्यावे. आपण पाणी ओतून सुरुवात करतो आणि तेच केस नंतर जाळीत अडकतात. शिवाय कोरडे झाडल्याने पाणी वाचते. ज्यांच्याकडे नळ दिवसातून तासभर येतो त्यांना वेगळे सांगायला नको. धुण्याचे शेवटचे खळबळलेले पाणी ओतून न देता बाजूला ठेवावे, लादीच्या पहिल्या घासणीला ते चालते.

मग अर्ध्या बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि चमचाभर धुण्याची पावडर घालून ते भिंतीला वरून खाली आणि सर्वांत शेवटी लादीला लावावे. आणि थांबावे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. चहा घ्यावा. मग ब्रशने गोल फिरवत घासावे, सांध्यांना टूथब्रश लावावा. आंघोळीला बसतो तिथली भिंत, कमरेपर्यंतची, ही सर्वांत मेणचट असते. दाराची आतली बाजू, कडी, दिव्याचे बटण आणि नळाची मूठ यांना रोज पंचवीस वेळा हात लागतो आणि घासताना नेमके तेच राहते. बटण ओल्या फडक्याने पुसू नये, पिळून जवळजवळ कोरड्या केलेल्या फडक्याने पुसावे. मग धुऊन काढावे.

आता पांढरा थर. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे. नळाला आणि शॉवरला या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे. थर जाड असेल तर तासभर. फडके काढले की थर मऊ झालेला असतो, टूथब्रशने निघतो. तारेच्या घासणीने नळ घासू नये, त्याची चकाकी जाते आणि मग थर दुप्पट वेगाने बसतो. बादलीत हेच पाणी फिरवून तासभर ठेवले की आतले खरखरीत कवच सुटते. भिंतीच्या चकचकीत टाइल्सवरही चालते.

पण एक मोठी खबरदारी. जुन्या चाळीत आणि गावाकडच्या घरात मोरीला शहाबादी फरशी असते, ओट्याला कडप्पा असतो. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत. नळावरचा जो थर आपल्याला काढायचा तोही चुन्याचाच आणि पायाखालचा दगडही चुन्याचाच! आंबटाला त्यांत फरक कळत नाही. लिंबूसत्त्व त्यावर सांडले तर डाग पडतो. ॲसिड ओतले तर दगड अक्षरशः खाल्ला जातो. त्या वेळी जो फसफसून फेस येतो त्याला आपण 'घाण निघाली' म्हणतो. ती घाण नसते, आपली फरशी असते. मग ती खडबडीत होते, खाचांत मळ बसतो आणि पुढच्या महिन्यात ती आणखी काळी दिसते. मोझेक लादी आणि टाइल्समधला पांढरा सिमेंट यांचेही तेच. फरशी कोणती आहे कळत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे आले किंवा तेवढी जागा निस्तेज झाली, तर त्या फरशीला फक्त सोडा-साबण आणि खराटा.

मोबाइलवर आजकाल चित्रफिती येतात, त्यांत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओततात. फेस छान येतो. पण सोडा एका टोकाचा आणि व्हिनेगर दुसऱ्या टोकाचे, दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते खारट पाणी. मुलींनी वहीत लिहून घेतलेली ही कृती खोडून टाकावी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत.

संडासाचे भांडे. आधी ब्रशने आतले पाणी नळीत ढकलून कमी करावे, म्हणजे औषध पातळ होत नाही. मग काठाच्या आतल्या बाजूने औषध फिरवून ओतावे आणि वीस-तीस मिनिटे हात लावू नये. हार्पिकसारख्या बाटलीतही ॲसिडच असते, पण ते बेताचे असते, घट्ट असते म्हणून भिंतीला धरून राहते, आणि बाटलीवर सूचना लिहिलेल्या असतात. पिवळा थर जुना असेल तर एका दिवसात जाणार नाही, चार रविवार लागतील. देशी पद्धतीच्या भांड्याला पायाच्या खडबडीत जागा आणि कमोडला मागची बाजू, बिजागऱ्या व बैठकीची खालची बाजू विसरू नये. दुर्गंधी पुष्कळदा आतून येत नसून तिथून येत असते.

फिनेलचे एक सांगतो. मळ तसाच ठेवून वरून फिनेल ओतले की वास झाकला जातो, घाण राहते. मावशी म्हणत, "ते म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावणे." आधी घासणे, धुणे, मग फिनेल.

शुद्ध करणे आणि स्वच्छ करणे यांतला फरक आपल्या समाजाला तरी समजावून सांगायला नको. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सवर्णांनी त्या तळ्यात १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केले! पाण्यात शेण ओतले आणि ते शुद्ध झाले, असे मानणारी ती विद्या. आपली विद्या निराळी. आपण विचारावे : हा डाग कशाचा, तो कशात विरघळतो, आणि त्याला किती वेळ लागतो.

बुरशीसाठी ब्लीचिंग. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ घ्यावी. ती सांध्यांतल्या काळ्या रेघेला आणि छताच्या डागांना फडक्याने लावून दहा मिनिटे ठेवावी, मग भरपूर पाण्याने धुवावी. छताला लावताना चष्मा घालावा, डोळ्यांत थेंब जातो. रंगीत कपडे घालून हे काम करू नये. पुडी उघडी राहिली तर पावडरीचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

आणि हे काम त्याच दिवशी करू नये. ज्या रविवारी लिंबूसत्त्व, संडासाचे औषध किंवा कुठलेही आंबट वापरले, त्या रविवारी ब्लीचिंग नाही. ब्लीचिंगचा रविवार निराळा.

असे का, ते आता सांगतो. आमच्या पाहण्यातल्या एका घरी सणासाठी साफसफाई चालली होती. सुनेने संडासात आधी ॲसिड ओतले. थर निघेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यावर थोडी ब्लीचिंग टाक, पांढरेफेक होईल." दार लावलेले, खिडकी वीतभर. पाच मिनिटांत ती सून खोकत, डोळे चोळत बाहेर आली आणि दारातच बसली. दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले. नशीब बलवत्तर म्हणून वाचली. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन सैन्याने ज्या वायूने शत्रूचे सैनिक मारले, तोच हा वायू. चार फुटांच्या बंद खोलीत तो तयार करायला फार मोठ्या बाटल्या लागत नाहीत. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या औषधात ब्लीचिंग मिसळले तरी विषारी वायू होतो. संडासात ब्लीचिंग टाकायचे तर आधी भांडे पाण्याने धुऊन घ्यावे, कारण लघवीतही अमोनिया असतो.

असे झालेच तर सगळे तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावे. पाणी ओतायला किंवा बाटली उचलायला परत आत जाऊ नये. त्रास कमी वाटला तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण छातीचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. ॲसिड अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावे, भिजलेले कपडे काढावे. चुना, सोडा, टूथपेस्ट काही लावू नये. कोणी चुकून प्यायले तर ओकारी काढू नये, घशात ते दुसऱ्यांदा भाजते. बाटलीसह रुग्णालय गाठावे.

प्यायले कसे जाईल, असे कोणी विचारील. हातगाडीवरचा माणूस ॲसिड कशात देतो? पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. त्यावर ना नाव, ना प्रमाण, ना सूचना. तहानलेल्या पाच वर्षांच्या पोराला त्यात काय आहे ते कसे कळणार? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या उघड्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालील कोणाला द्यायचे नाही. चेहरे विद्रूप झालेल्या मुलींच्या लढ्यातून हा आदेश निघाला. तरी वस्तीत गाडी येते आणि आपण बाटली पुढे करतो. आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या घरात ही बाटली असूच नये. तिच्यावाचून अडेल असे कोणतेही काम वर लिहिलेले नाही.

आता जाळीखालची गोष्ट. लादीतल्या जाळीच्या खाली जे भांडे असते त्याला प्लंबर लोक 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणीच ती! त्या वाकड्या भांड्यात दोनेक इंच पाणी कायम उभे राहते आणि तेच गटाराचा वास व झुरळे अडवते. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी आलो की घरात वास येतो, कारण ते पाणी सुकलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास बंद. रोजच येत असेल तर जाळी उचलावी, मोजे घालून आतला केस-साबणाचा गोळा हाताने काढावा, भांड्याची आतली भिंत ब्रशने घासावी. भिंतीवर बसणाऱ्या बारीक केसाळ माश्यांच्या अळ्या याच बुळबुळीत थरात वाढतात. कितीही फवारा मारा, थर घासला नाही तर माश्या जात नाहीत. निघालेला गोळा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावा. काडीने खाली ढकलू नये.

पिंपाचे दोन शब्दांत. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती पिंपाच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात. नुसते ओतून रिकामे केल्याने ती जात नाहीत, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून काथ्याने घासावे, उन्हात उपडे घालावे आणि भरल्यावर झाकावे.

काडीने खाली ढकलू नये असे वर म्हटले, त्याचे कारण इमारतीच्या मागे आहे. आपल्या न्हाणीतून आणि संडासातून जे खाली जाते, म्हणजे केसांचे गोळे, शाम्पूच्या पुड्या, फडकी, पाळीचे कापड आणि पॅड, ते सगळे कुठेतरी अडते. मग सोसायटीचा सचिव कोणाला तरी बोलावतो. झाकण उघडले जाते. त्या झाकणातून आत उतरणारा कोण असतो ते वाचकांना ठाऊक आहे. मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि माणसाला वाटते वास गेला. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण किती वाचायच्या? ज्या गावांत आणि शहरांत गटार नाही, मैलाटाकी आहे, तिथे आणखी एक लक्षात घ्यावे. टाकीतला मैला जिरवण्याचे काम जिवाणू करतात. आपण वरून बाटल्या बाटल्या ॲसिड आणि ब्लीचिंग ओतले की ते मरतात, टाकी लवकर भरते आणि माणूस बोलावण्याची वेळ लवकर येते.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तारीख पाहा! गटारात किंवा मैलाटाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. हा गुन्हा खाजगी सोसायटीलाही लागू आहे, फक्त पालिकेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. माणूस गेल्यावरचा हा हिशेब आहे.

आपल्या इमारतींच्या सोसायट्यांत आता आपलीच माणसे पदाधिकारी आहेत. 'स्वस्तात होते' म्हणून अर्ध्या बाटलीची लालूच दाखवून माणूस उतरवणारा सचिव उद्या जयभीम म्हणणारा असू शकतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक घरातून एकाने हा विषय काढावा. तुंबले तर पालिकेकडे लेखी तक्रार करून यंत्राची गाडी मागवायची, तिचा खर्च निधीतून द्यायचा, कोणत्याही परिस्थितीत माणूस आत उतरवायचा नाही, आणि पॅड, पुड्या, फडकी टाकण्यासाठी प्रत्येक मजल्यावर झाकणाचा डबा ठेवायचा, असा ठराव मांडावा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे घालून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, सचिवाची सही घ्यावी आणि एक प्रत जिन्याखालच्या फलकावर लावावी.